‘अनुभव नाही’ म्हणतात, तेव्हा नेमकं काय नसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिझाइनचं शिक्षण संपून ७ महिने झाले. ७० जागी अर्ज केले, ३ ठिकाणी मुलाखतीपर्यंत मजल गेली आणि तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं, ‘अनुभव हवा’. पोर्टफोलिओत २२ कामं आहेत, कॉलेजात त्यांचं कौतुकही झालं होतं. आता सरळ फ्रीलान्सिंग सुरू करावं, की मोशन ग्राफिक्सचा, म्हणजे हलत्या डिझाइनचा, कोर्स लावावा, की मिळेल ती नोकरी धरावी? आणि शेवटच्या ओळीत हळूच विचारलंय, नवा लॅपटॉप घ्यावा का.

मी १८ वर्षं हे काम करते. पहिली ६ दुसऱ्यांकडे, नंतर स्वतःचा छोटा स्टुडिओ. नवख्यांचे पोर्टफोलिओ माझ्याकडे सतत येतात आणि ‘सध्या आम्हाला अनुभवी माणूस हवा आहे’ हे उत्तर मीही कित्येकदा पाठवलंय. म्हणून आधी त्या वाक्याबद्दलच कबुली देते. ते अर्धवट असतं. खरं कारण लिहायला वेळ लागतो, समोरच्याला वाईट वाटेल अशी भीती असते, म्हणून हे तयार वाक्य पाठवून आपण मोकळे होतो.

त्यामागचा विचार असा असतो: या मुलाला किंवा मुलीला संध्याकाळी काम दिलं, तर सकाळी जशीच्या तशी पुढे पाठवता येईल अशी फाइल माझ्या हातात पडेल का? की ती मलाच उघडून निस्तरत बसावी लागेल? लहान स्टुडिओत शिकवायला वेगळा माणूस नसतो. जो शिकवणार, त्याचीच डेडलाइन त्या दिवशी असते. तेव्हा पोर्टफोलिओ बघताना ‘छान आहे’ आणि ‘याच्या हाती काम सोपवता येईल’ हे दोन निर्णय वेगवेगळे असतात, आणि तुमची २२ कामं बहुधा पहिल्यावरच अडकतायत. मी ती पाहिलेली नाहीत. पण तुम्ही दिलेली यादी वाचली: पोस्टर्स, नामांकित ब्रँड्सचे काल्पनिक नवे लोगो, एक परफ्यूमचं पॅकेजिंग, अक्षरांचे प्रयोग. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. यातल्या कुठल्याही कामाला कोणी ‘नाही’ म्हटलेलं नाही.

माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांना मी एक साधी परीक्षा देते. ए-फोर आकाराचं, दोन घड्यांचं माहितीपत्रक. मजकूर मी देते, मुद्दाम थोडा जास्त देते, फोटो दोन, त्यातला एक कमी रेझोल्यूशनचा. वेळ तीन तास. बहुतेक जण पहिला अर्धा तास रंग आणि फॉन्ट शोधण्यात घालवतात. मी बघते ते वेगळंच. आडव्या ए-फोरची रुंदी २९७ मिमी. तिचे सरळ तीन भाग केले की ९९, ९९, ९९ येतात, आणि नवखा माणूस तेच करतो. पण जी पट्टी आत दुमडली जाते ती इतर दोघींपेक्षा थोडी अरुंद हवी, नाहीतर ती घडीत अडते आणि फुगते. म्हणून १००, १०० आणि ९७. शिवाय मागच्या बाजूला हा क्रम उलटा होतो. हे कोणी पुस्तकात वाचून आलेलं नसतं, आणि नसलं तरी माझी हरकत नाही. ज्याने कागद घेऊन एकदा घडी घालून पाहिली, त्याला ते आपोआप कळतं. मी टेबलावर कोरे कागद मुद्दाम ठेवलेले असतात. गेल्या काही वर्षांत त्यांना हात लावणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले, आणि त्यातले बरेचसे आज माझ्याकडे काम करतात.

कमी रेझोल्यूशनच्या फोटोचंही तसंच. छपाईला प्रत्यक्ष आकारात साधारण ३०० पीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल, लागतात. दिलेला फोटो तेवढा नाही हे ओळखून कोणी ‘दुसरा मिळेल का?’ असं विचारलं, तर माझ्यासाठी मुलाखत तिथेच निम्मी झालेली असते. आणि मजकूर मावत नाही म्हणून अक्षर बारीक करत करत साडेपाच पॉइंटवर नेणारा उमेदवार मला जास्त काळजीत टाकतो. मजकूर जास्त आहे, कापावा लागेल, हे सांगायचं धाडस हा कामाचाच भाग आहे.

हे सगळं मी जन्मतः शिकून आले होते असं नाही. पहिल्या नोकरीत तिसऱ्याच महिन्यात ४८ पानांचा एक अहवाल माझ्याकडे आला. मजकुराचा काळा रंग मी आरजीबीतून, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतून, रूपांतरित झालेला तसाच ठेवला होता. स्क्रीनवर काळा तो काळाच दिसतो. पण छपाईत तो चारही शायांचा मिळून बनला होता, एकूण ३०० टक्क्यांच्या घरात. प्लेटा केसभर सरकल्या आणि प्रत्येक अक्षराला निळसर-लालसर कड आली. प्रेसमधल्या काकांनी मला बोलावलं, भिंग हातात दिलं आणि एक शब्द न बोलता पानावर बोट ठेवलं. वाचायच्या मजकुराला नुसता काळा, म्हणजे के १००, हे त्या दिवसापासून मला कोणी सांगावं लागलं नाही. अहवाल पुन्हा छापावा लागला. मला काढलं नाही याचं आजही नवल वाटतं.

तर अनुभव म्हणजे हे. हे सगळं नोकरीतच मिळतं असं नाही, बरंचसं आधी मिळवता येतं, आणि तुमच्या पोर्टफोलिओत ते दिसायला हवं.

पोर्टफोलिओबद्दल माझं मत कडक आहे: २२ पैकी ६ ठेवा. फार तर ७. बघणारा माणूस सरासरीने नाही, सर्वात कच्च्या कामावरून तुमची पातळी ठरवतो, कारण त्याला वाटतं की हे वाईट आहे हे यांना कळलंच नाही. काल्पनिक ब्रँड-लोगो एखादाच ठेवा, तोही खरोखर विचार केलेला असेल तर. बाकीच्या जागा अशा कामांना द्या ज्यांत आकार, मजकूर, वेळ, दुसऱ्याचं मत यांपैकी काहीतरी आडवं आलं होतं. कॉलेजच्या कामातही ते सापडतं. एखाद्या संमेलनाचं, प्रदर्शनाचं छापील काम केलं असेल, चार जणांनी चार बदल सांगितले असतील, तेच काम वर आणा.

आणि प्रत्येक कामाखाली चार-पाच ओळी लिहा. ‘या रंगातून उत्साह व्यक्त होतो’ छापाच्या नकोत. अडचण काय होती, काय करून पाहिलं, काय टाकून दिलं, का टाकलं. टाकून दिलेलं जास्त बोलकं असतं. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा आठवा. हॅरी बेक हा तांत्रिक आराखडे काढणारा माणूस. त्याने १९३१ मध्ये मांडलेल्या आराखड्यात खरी अंतरं सोडून दिली आणि रेषा फक्त आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांतल्या ठेवल्या. प्रवाशाला स्टेशनांचा क्रम आणि गाडी बदलायची जागा कळली की पुरे, हे त्याने ओळखलं. आधी तो नाकारला गेला, १९३३ मध्ये छापला गेला आणि लोकांनी उचलून धरला. आता हाच नकाशा कोणी ‘स्वच्छ, आधुनिक, रंगीत मांडणी’ असं लिहून माझ्यासमोर ठेवला, तर मी पान उलटेन. ‘अंतरं सोडून दिली, कारण प्रवाशाला ती लागत नाहीत’ असं लिहिलं, तर थांबेन.

एक काम मात्र पोर्टफोलिओत नसेल तर मुद्दाम करा, आणि मराठी वाचणाऱ्या माणसाला ते इतरांपेक्षा जवळचं आहे: दोन लिप्यांची मांडणी. देवनागरी आणि रोमन एकाच पानावर नीट बसवता येणारे डिझायनर अजूनही कमी आहेत. रोमनच्या सवयीने अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडू नयेत म्हणून ओळींमधली जागा रोमनपेक्षा सैल लागते. पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर (अशा लिप्या नीट जोडणारी सेटिंग) निवडला नाही, तर जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी विस्कटते. आणि हे वाचता न येणाऱ्या माणसाला त्यात काही बिघडलंय हेच दिसत नाही. तुम्हाला दिसतं. ती तुमची जमेची बाजू आहे, वापरा.

पाठवायची पद्धत पटकन सांगते. एक पीडीएफ, दहा एमबीच्या आत, फाइलच्या नावात तुमचं नाव. ‘फायनल_फायनल_२’ या नावाची फाइल आली की मला पुढची कामं दिसायला लागतात. ७० ठिकाणी एकच मेल पाठवण्यापेक्षा १० ठिकाणी त्यांचं एखादं काम खरंच पाहून त्यावर दोन ओळी लिहा. उत्तर नाही आलं तर १० दिवसांनी एकदा आठवण करा. एकदाच.

आता नोकरी की फ्रीलान्सिंग. इथे मी ठाम सांगू शकत नाही, कारण हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. पैसे न येता किती महिने निघतील? कर्ज आहे का? घरचे थांबू शकतात का? ४ महिन्यांच्या आत पैसे यायलाच हवेत असं असेल, तर पुढचं न वाचता जी बरी नोकरी मिळेल ती घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

थोडी सवड असेल तर माझा कल असा. पहिली दीड-दोन वर्षं अशा ठिकाणी घालवा जिथे तुमच्यापेक्षा जाणता कोणीतरी तुमची फाइल उघडून बघेल. पगाराच्या बरोबरीने मी हा एक प्रश्न धरेन: माझं काम कोण तपासणार? एखाद्या कंपनीत तुम्ही एकटेच डिझायनर असाल, तर खुर्ची मोठी वाटते, पण चुका तशाच पक्क्या होत जातात, कारण त्या चुका आहेत हे ओळखणारं कोणी आजूबाजूला नसतं. जाहिरात संस्थेत वेग शिकाल. तिथे सुरुवातीला अडॅप्टेशनचं काम मिळेल, म्हणजे दुसऱ्याने केलेली एक जाहिरात वेगवेगळ्या १५-२० मापांत बसवायची. उभी, आडवी, चौकोनी, अगदी चिंचोळी पट्टी. सगळे जण या कामाला नाकं मुरडतात. मी वर्षभर केलं आणि मांडणी मला त्यानेच शिकवली. चिंचोळ्या पट्टीत चार गोष्टींपैकी दोनच बसतात, तेव्हा कुठल्या दोन, हे ठरवता ठरवता जाहिरातीत महत्त्वाचं काय असतं ते कळतं. छापखान्यातल्या डिझाइन विभागाला कोणी विचारतही नाही, पण सहा महिने तिथे काढलेला माणूस ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर सोडलेली जादा छपाई), ट्रिम (कापल्यानंतरचा आकार), प्लेट, कागदाचं वजन या गोष्टींत आयुष्यभर चुकत नाही. तुमच्यासमोर जाहिरात संस्था, छापखाना आणि छोटा स्टुडिओ असे तीनही पर्याय असते तर मी छापखाना आणि मग छोटा स्टुडिओ असा क्रम सांगितला असता. हा माझा पूर्वग्रहही असू शकतो, कारण मी छपाईच्या बाजूने आले. तुमचा ओढा स्क्रीनकडे असेल तर छापखान्याच्या जागी एखादी वेबसाइट बनवणारी टीम धरा. तिथलंही स्वतःचं व्याकरण असतं. उदाहरणार्थ, वेबच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद फरक, किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं कितीही देखणी दिसली तरी तिथे नापास होतात.

मुलाखतीनंतर ‘टेस्ट’ देतात, त्याबद्दल एक सावधगिरी. दोन-तीन तासांची, काल्पनिक विषयाची परीक्षा योग्य आहे. मीही घेते. पण खऱ्या ग्राहकाच्या येत्या मोहिमेचे १० क्रिएटिव्हज (तयार जाहिराती) ‘टेस्ट म्हणून’ मागत असतील, तर तुमच्याकडून फुकटात काम उरकून घेतलं जातंय. नम्रपणे एकच करून देते किंवा देतो म्हणा. तेवढ्यावर जे बिथरतात, त्यांच्याकडची नोकरीही तशीच निघाली असती.

फ्रीलान्सिंग करायचंच असेल, तर ते नोकरीच्या शोधाबरोबर करा, त्याऐवजी नको. त्यात डिझाइन निम्मंच असतं, उरलेलं सगळं बोलणं, लिहून घेणं आणि पैसे मागणं. पहिल्या कामाआधी एका पानावर एवढं लिहून घ्या: काय काय द्यायचं आहे, बदलांच्या किती फेऱ्या (मी दोन देते, तिसरीपासून वेगळे पैसे), अंतिम होकार कोण देणार, अर्धी रक्कम आधी, आणि ओपन फाइल (बदल करता येणारी मूळ फाइल) रकमेत धरली आहे की नाही. ‘अंतिम होकार कोण देणार’ हा प्रश्न विचारायला नवखे लाजतात. मग तीन आठवडे एकाशी बोलून काम पक्कं होतं, आणि चौथ्या आठवड्यात कोणी भागीदार येऊन म्हणतो, मला तर हिरवा आवडत नाही. फॉन्टचा परवानाही तपासा. वैयक्तिक वापरासाठी मोफत असलेला फॉन्ट ग्राहकाच्या लोगोत वापरायची मुभा असेलच असं नाही.

पैशांविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. कॅरोलिन डेव्हिडसन ही विद्यार्थिनी होती, १९७१ मध्ये तिने नायकी या बुटांच्या कंपनीचं चिन्ह केलं आणि तेव्हा तिला ३५ डॉलर मिळाले. कंपनीने १९८३ मध्ये तिला समभाग दिले. ही गोष्ट सांगून तुमच्याकडून कोणी स्वस्तात लोगो करून घ्यायला बघेल. ‘पुढे नाव होईल’. तिला तेव्हा पैसे मिळाले होते, थोडे का होईना, एवढीच त्यांना आठवण करून द्या. फुकट काम मी एकाच परिस्थितीत करायला सांगते: काम खरं असेल, तारीख ठरलेली असेल, ते खरोखर वापरलं जाणार असेल, आणि तुमच्या त्या ६ कामांतली रिकामी जागा त्याने भरणार असेल. तेही एकदाच.

कोर्सचं विचारलंत. मोशन येत असेल तर चांगलंच आहे, मागणीही आहे. पण आत्ता तुमची अडचण त्याने सुटणार नाही. अर्धवट पूर्ण केलेल्या स्थिर कामांच्या जोडीला अर्धवट पूर्ण केलेली हलती कामं येतील, एवढंच. नोकरी लागल्यावर, कामात गरज दिसल्यावर शिका, तेव्हा महिन्याभरात येईल.

एआयची भीती तुम्ही थेट लिहिली नाहीत, पण ‘आता या क्षेत्रात राम उरलाय का’ या वाक्यात ती आहेच. माझ्याकडे काय बदललं तेवढं सांगते. कल्पना दाखवण्यासाठी लागणारी कच्ची चित्रं आता आम्ही एआयनेच काढतो, पूर्वी विकतच्या फोटोंमध्ये तासन्‌तास जायचे. ज्यांचं काम फक्त ‘एक छान चित्र’ देणं एवढंच होतं, त्यांना फटका बसलाय, हे खोटं बोलून लपवण्यात अर्थ नाही. पण त्या १५-२० मापांत काय ठेवायचं आणि काय गाळायचं, ग्राहकाला तिसऱ्या बदलाला नाही कसं म्हणायचं, ९७ मिमीची पट्टी कुठे येते, हे अजून माणसाकडेच येतं. पोर्टफोलिओत एआयने काढलेलं चित्र असेल तर तसं लिहा. नंतर कळलं तर बाकीच्या पाच कामांवरचाही विश्वास जातो.

तर आत्ताच्या आत्ता काय? या पंधरवड्यात एक काम कराल असं वाटतं. तुमच्या ओळखीत कोणीतरी असेल, क्लास घेणारं, दवाखाना चालवणारं, वाचनालय सांभाळणारं, ज्यांना खरोखर माहितीपत्रक हवंय. त्यांच्याशी बोलून, मजकूर त्यांच्याकडून घेऊन, कापायला लावून, दोन घड्यांचं पत्रक करा, दोन्ही लिप्यांत. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड ठेवा. जवळच्या छापखान्यात फाइल स्वतः घेऊन जा आणि ते काय चुका काढतात ते वहीत लिहा. प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, त्यांनी केलेल्या खुणांचा फोटो काढा आणि पोर्टफोलिओत अंतिम पत्रकाशेजारी लावा. माझ्याकडे असं पान आलं, तर त्या खुणांकडे मी पत्रकाआधी बघेन.

राहिला लॅपटॉप. आत्ताच्या मशिनवर ८ पानांची फाइल उघडते, सेव्ह होते आणि मध्ये बंद पडत नाही ना? मग थांबा. साध्या साधनांवरही काम होतं: १९८३ च्या सुमारास सुझन केअर या डिझायनरने ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाची आयकॉन्स आलेखाच्या वहीत चौकोन रंगवून आखली, एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल. मशीन बदलण्याआधी मात्र स्क्रीनचे रंग कॅलिब्रेट करून, म्हणजे खरे दिसतील असे जुळवून, घ्या आणि एक बाहेरची हार्ड डिस्क आणा, बॅकअपसाठी. ती खरेदी पुढे ढकलू नका, माझी एक सबंध वर्षाची कामं अशीच गेली आहेत.